मातीपट्टी

पहाटेचे पाच वाजून गेले आहेत. मार्गशीर्षातली थंडी आहे. लांब सोलापूर रस्त्यावरून उसाने भरलेले ट्रक घरघरत चालले आहेत. दौंड तालुक्यातल्या या छोट्याशा निसर्गोपचार केंद्रात अजून सगळी निजानीज आहे. आईसाठी कोमट पाणी आणायला मी फ्लास्क घेऊन निघाले आहे, तर स्वयंपाकघराच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक पिवळा बल्ब जळताना दिसतो. मी तिकडे वळते.

बल्बखाली केंद्रात काम करणाऱ्या मावशी बसल्या आहेत. अंगात जुना स्वेटर, डोक्यावरून पदर कानामागे खोचलेला. समोर पिंपात काळीभोर माती. कोपरापर्यंत दोन्ही हात मातीत घालून त्या ती मळताहेत.

"मावशी, एवढ्या लवकर?"

"साडेसहाला पट्ट्या लागत्यात ताई. पंचवीस माणूस हाय आज. पंचवीस पोटाच्या अन् पंचवीस डोळ्याच्या. पन्नास झाल्या का न्हाई?"

मी शेजारच्या पालथ्या बादलीवर बसते. पाचच दिवस झालेत आम्हाला इथे येऊन. मातीची पट्टी आईच्या पोटावर येते तेव्हा ती तयारच असते. तिच्यामागे एवढी पहाट असते हे मला आज कळतं आहे.

ही माती शेताच्या वरच्या थरातली नव्हे. खत, फवारणी, काचा, मुळ्या असं काहीही तिच्यात नको, म्हणून तीन-चार फूट खणून खालची माती काढतात. ती पसरून कडक उन्हात वाळवतात, ढेकळं कुटतात, चाळतात. आदल्या दिवशी संध्याकाळी पिंपात भिजत घालतात. रात्रभर पाणी पिऊन ती लोण्यासारखी मऊ होते. काळी मातीच का, असं मी विचारते. "ती पानी लवकर सोडीत न्हाई," मावशी सांगतात. विदर्भ-मराठवाड्यापासून इथपर्यंत कापूस आणि ज्वारी ज्या गुणावर पिकते, तोच हा गुण. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक. पाणी धरलं की धरून ठेवतात. म्हणून तिचा गारवा ओल्या फडक्यापेक्षा जास्त वेळ टिकतो.

मावशींची बोटं मातीत फिरताहेत. मध्येच थांबतात. चिमटीत काहीतरी धरून त्या बल्बकडे नेतात. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा. तो बाजूला टाकतात.

"चाळून पन ऱ्हातो एखांदा. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ. टोचतंय."

आता त्या पाटावर ओलं सुती फडकं अंथरतात. मातीचा एक गोळा त्यावर टाकतात आणि तळहाताच्या कडेने थापायला लागतात. वीतभर लांबीची, त्याहून थोडी कमी रुंदीची, बोटभर जाडीची वडी तयार होते. चारी कडा सारख्या. मग फडक्याच्या चारी बाजू त्या वडीवर दुमडून घेतात. बघता बघता शेजारी एकावर एक पट्ट्यांची चळत चढते. दर दहा पट्ट्यांनंतर त्या हात थांबवून बोटं काखेत दाबून धरतात. पाणी बर्फासारखं आहे. आईच्या पट्टीसाठी मात्र वेगळं घमेलं आहे. त्यातल्या मातीत त्या चुलीवरचं कढत पाणी थोडं मिसळतात.

"आजींना काल हुडहुडी भरली व्हती. थंडीत म्हाताऱ्या माणसाला कोमटच बरी."

हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. काल त्यांनी ते पाहिलं होतं.

*

साडेसहा. बायकांच्या उपचारदालनात ओळीने लाकडी बाकं आहेत. आई तिसऱ्या बाकावर आडवी झाली आहे. एकाहत्तर वर्षांची माझी आई. गुडघे दुखतात, पोट साफ होत नाही, झोप तीन वाजता उडते. गेली चार वर्षं रात्रीची रेचक पुडी सुटलेली नाही. माहेर तिचं कुडाळजवळचं. लग्नानंतर सगळा जन्म पुण्यात गेला, पण अजून लागलंखुपलं की तोंडात पहिला शब्द माहेरचा येतो.

"आई गो!" पट्टी पोटावर टेकताच ती म्हणते.

"गार लागली का आजी?"

"नाही गं बाय. आज बरी आहे. काल तर माशासारखी उडालेय मी."

मावशी हसतात. बेंबीच्या खाली पट्टी नीट बसवतात, वरून लोकरीचा तुकडा, त्यावर पांघरूण. डोळ्यांवर छोटी पट्टी. कपाळावर हात ठेवून क्षणभर थांबतात आणि पुढच्या बाकाकडे जातात. वीस मिनिटं आता कुणी बोलायचं नाही.

दालनात फक्त श्वास ऐकू येतात. आईचे हात सुरुवातीला पांघरुणाच्या काठाशी चाळा करतात. मग एक हात थांबतो. मग दुसरा. मी घड्याळ बघते. सात मिनिटं. माझ्या जाणतेपणात दिवसाउजेडी आईला इतका वेळ काही न करता पडलेली मी पाहिलेली नाही. ताप आला तरी ती उशीशी लसूण घेऊन सोलत बसायची.

समोरच्या भिंतीवर गांधीजींची तसबीर आहे. निसर्गोपचाराच्या दालनात ती असतेच, आणि तिला कारण आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींना बद्धकोष्ठाचा त्रास होता. वरचेवर रेचक घ्यावं लागे. जोहान्सबर्गमध्ये एका ओळखीच्या माणसाने त्यांच्या हाती आडोल्फ जुस्ट या जर्मन निसर्गोपचारकाचं पुस्तक दिलं. त्यात मातीचा उपचार होता. स्वच्छ माती गार पाण्यात भिजवून, पातळ कापडात घालून रात्री पोटावर बांधायची. गांधीजींनी ती बांधली, त्यांना गुण आला, आणि पुढे आयुष्यभर ते माती, पाणी आणि उपवासाचे प्रयोग स्वतःवर आणि जवळच्या माणसांवर करत राहिले. 1942 साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यातही पृथ्वी, पाणी, आकाश, सूर्य आणि वारा या पाचांना त्यांनी वैद्याच्या जागी बसवलं आहे.

पाणी म्हणजे मुख्यतः कटिस्नान. आईचं ते पावणेआठला. खुर्चीसारखी पाठ असलेला टब, त्यात बेंबीपर्यंत पाणी. पाय बाहेर, कोरडे, गरम पंच्यात गुंडाळलेले. टबात बसून ओल्या खादीच्या फडक्याने ओटीपोट उजवीकडून डावीकडे हलकं चोळत राहायचं. लाइपझिगच्या लुई कूने यांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रूढ केली आणि ती भारतात इतकी रुजली की आज कुठल्याही निसर्गोपचार केंद्रात हा टब दिसतो. आई दहा मिनिटं बसते. ओठ निळसर दिसले की मावशी तिला उठवतात, खरखरीत टॉवेलने पाठ लाल होईपर्यंत पुसतात आणि अंगणात पिटाळतात.

"चाला आता. चालल्याबिगर ऊब यायची न्हाई. दहा चकरा."

*

नऊ वाजता ओसरीवर डॉक्टर येतात. तिशीच्या बाई, निसर्गोपचाराचा साडेपाच वर्षांचा बी.एन.वाय.एस. अभ्यासक्रम करून आलेल्या. प्रत्येकाची नाडी, रक्तदाब आणि वजन वहीत लिहितात. मधुमेह असलेल्यांच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजतात.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका आज खुशीत आहेत. उपाशीपोटीची साखर 112. आले तेव्हा 190 होती.

"डॉक्टर, म्हणजे आता गोळ्या बंद करू ना? निसर्गाने काम केलं."

डॉक्टर वही मिटतात. "काका, खाली बसा जरा."

काका बसतात.

"तुम्ही इथे मोजकं खाताय, साखर नाही, मैदा नाही, दिवसात तासभर चालताय. म्हणून आकडा उतरला. चांगलंच झालं. पण गोळी तेवढीच आणि खाणं एवढं कमी, असं झालं तर साखर एकदम खाली जाऊन तुम्ही रात्री घामाघूम व्हाल, बेशुद्धही पडाल. म्हणून तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांशी मी काल फोनवर बोलले. त्यांनी एक गोळी अर्धी करायला सांगितलीय. बाकीच्या तशाच. घरी गेल्यावर जुनं खाणं सुरू झालं की आकडा पुन्हा चढेल. आपल्या मनाने काही बंद करायचं नाही. कळलं?"

काका मान हलवतात. थोडे हिरमुसतात. मला मात्र या बाईंचा आधार वाटतो. निसर्गोपचाराच्या नावाखाली औषधं सोडून माणसं आजार वाढवून घेतात, हे मी आमच्या नात्यात पाहिलं आहे. आमच्या एका मावसकाकांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या, लसूण आणि दुधी भोपळ्याच्या रसावर विसंबले आणि अर्धांगाने बिछान्याला खिळले. लसूण वाईट नव्हता. दुधीही वाईट नव्हता. त्यांच्याकडे जे काम सोपवलं होतं ते त्यांचं नव्हतं. मातीचं काम पोट शांत करणं, पाण्याचं काम शरीर जागं करणं, आणि दोघांचं मिळून काम म्हणजे माणसाला त्याच्या दिवसाकडे बघायला लावणं. एवढं केलं तरी ते थोडं नाही.

डॉक्टर आईच्या खाटेशी येतात. "आजी, पोट?"

"आज पुडीशिवाय झालं," आई लाजत सांगते. पाचव्या दिवशी. तिच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झालेल्या मुलीसारखं हसू आहे.

*

साडेअकराला जेवण. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर वाफवलेला दुधी, गाजर-मुळ्याची कोशिंबीर, पालेभाजी, ताक. मीठ नाही. फोडणी नाही. पहिल्या दिवशी आईने एक घास घेऊन ताट सरकवलं होतं. "हे रुग्णाचं नाही, तपस्व्याचं जेवण," असं म्हणाली होती. आज ती भाकरीचा तुकडा ताकात बुडवते, सावकाश चावते आणि म्हणते, "अगं, ज्वारी गोड असते."

खरंच असते. इतकी वर्षं मीठ, तिखट, तेल आणि घाईत ती गोडी आम्हाला लागलीच नव्हती.

जेवणानंतर पट्ट्यांची फडकी धुऊन वाळत घातली आहेत. वापरलेली माती एका खड्ड्याकडे चालली आहे. एकाच्या पोटावरची माती दुसऱ्याला लावत नाहीत. भिंतीच्या कडेला उन्हात आई घोंगडीवर बसली आहे, पाय पसरून, पाठीवर ऊन घेत. मावशी डबा घेऊन येतात आणि थोड्या अंतरावर बसतात. पिठलं, भाकरी, कांदा. कांदा बुक्कीने फोडायला त्या मूठ वळतात आणि हात झटकन मागे घेतात.

आई बघते. "हात दाखव बघू."

"काय न्हाई ओ आजी."

"दाखव गं बाय."

मावशी हात पुढे करतात. उन्हात पहिल्यांदाच मी ते नीट बघते. बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याच्या कडेवर भेगा. काही वरवरच्या, काही खोल, तांबड्या. भेगांमध्ये काळी माती इतकी मुरलेली की धुऊन निघत नाही. ज्या हातांनी ज्वारीच्या दाण्याएवढा खडा शोधला ते हे हात.

"थंडीत असंच हुतं. पानी गार, माती गार. मार्च लागला की भरून येतंय."

"तू स्वतः कधी लावून घेतलीस का माती? कंबर दुखते म्हणालीस ना परवा?" आई विचारते.

मावशी कांद्याची पाकळी तोंडात घालतात. थोडा वेळ चावत राहतात.

"आमाला कुठं येळ गावतोय निजून ऱ्हायला? वीस मिनिटं पडले तर सयपाक कोन करनार? शेरडं हायेत दोन. मातीला काय तोटा न्हाई बघा. येळाचाच तोटा."

त्या हे तक्रारीच्या सुरात म्हणत नाहीत. पण मला घास गिळवत नाही.

इथून पश्चिमेला तासाभराच्या आतच उरुळी कांचन आहे. त्या गावाची गोष्ट मला आठवते. पुण्यात ताडीवाला रस्त्यावर डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र होतं. गांधीजी तिथे राहून उपचार घेत. गरिबांसाठी असं केंद्र पुण्यातच चालवावं असा त्यांचा आधी विचार होता. मग त्यांच्या लक्षात आलं की खेड्यातला गरीब माणूस शहरातल्या उपचारकेंद्रात येणारच नाही. आपणच त्याच्याकडे जायला हवं. 1946 च्या मार्चमध्ये ते उरुळीला गेले. आठवडाभर राहिले. गावची माणसं रांगेने येत होती. गांधीजी त्यांना ऊन घ्यायला सांगत, कटिस्नान सांगत, ताक, फळांचा रस सांगत, रामनाम सांगत. सुरतकडचा मणिभाई देसाई हा विशीतला तरुण त्यांच्या शब्दाखातर उरुळीत राहिला तो 1993 मध्ये मरेपर्यंत. तिथल्या निसर्गोपचार आश्रमाचा भार त्याने वाहिला. आजारी माणसाच्या मागे त्याची कोरडी शेती आणि आटलेली गाय उभी आहे हे त्याला दिसलं, म्हणून 1967 मध्ये त्याने 'बाएफ' ही संस्था उभी केली आणि संकरित गाई शेतकऱ्यांच्या दारात नेल्या.

माती, पाणी, ऊन हे गांधीजींनी निवडलं कारण ते फुकट होतं, गावातच होतं. मला आज या उन्हात बसून दिसतं आहे की गावातली माती अजून तशीच फुकट आहे. तिच्याखाली आडवं पडायला मात्र आम्ही शहरातून दहा दिवसांचे पैसे मोजून येतो, आणि ज्यांच्या गावाची ती माती आहे त्या बायका ती मळतात. यात केंद्राचा दोष काढावा असं मला वाटत नाही. मावशींच्या घरची चूल इथल्या पगारावर पेटते. पण उपचाराचं खरं मोल माती नाही, वेळ आहे. वीस मिनिटांसाठी कुणीतरी म्हणावं लागतं, "तू पड, मी बघते." ते म्हणणारं माणूस मावशींना कुणी नाही.

आई उठते. गुडघ्यावर हात ठेवून, दोनदा थांबून. खोलीत जाते आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पिवळट गोळा आणते. भिरंडेल. कोकमाच्या बियांचं तेल. कोकणात बाया बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळतात. वर आलेलं तेल काढून निवलं की मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. एरवी ते मेणासारखं घट्ट. ऊब लागली की वितळतं. दरवर्षी मे महिन्यात मामेभावाकडून चार गोळे येतात आणि आमच्या घरात पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंत सगळ्यांच्या टाचा त्यावर तगतात.

स्वयंपाकघरातून पळी येते. आई गोळ्याचा तुकडा पळीत टाकते आणि चुलीच्या निखाऱ्यावर धरते. तुकड्याच्या कडा आधी पारदर्शक होतात, मग तो मध्यभागी खचतो आणि पिवळं तेल पळीत पसरतं. वास फार नाही. थोडा तुपासारखा, थोडा लाकडासारखा.

"कोमट आहे. पोळणार नाही."

मावशींचा हात आईच्या मांडीवर आहे. आई करंगळीने एकेका भेगेत तेल सोडते. मावशी पहिल्या थेंबाला दात ओठांवर दाबतात. दुसऱ्याला डोळे मिटतात. तेल भेगेत उतरतं आणि गार होता होता पांढुरकं होऊन तिथेच बसतं. भेगेला जणू खपली धरते. दोन्ही हात पूर्ण व्हायला पंधरा मिनिटं लागतात. त्या पंधरा मिनिटांत मावशींना उठता येत नाही, कारण तेलकट हाताने काही धरता येत नाही. त्या भिंतीला पाठ टेकून, हात उलटे मांडीवर ठेवून उन्हात बसून राहतात. डबा आई झाकते.

"रात्री भांडी घासून झाली की लाव. जुने मोजे हातात घालून झोप," आई सांगते आणि उरलेला गोळा वर्तमानपत्रासकट मावशींच्या पिशवीत घालते.

*

दुसरी पहाट. आज मी मुद्दाम फ्लास्क न घेताच शेडकडे जाते. बल्ब जळतो आहे. पिंप आहे, पाट आहे, ओली फडकी आहेत. मावशींच्या दोन्ही हातांना भेगा आहेतच. एका रात्रीत त्या भरणार नव्हत्या. पण त्यांचा काळा रंग जरा उतरला आहे. चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं आहे, आणि आज त्यातलं पाणी फक्त आईच्या घमेल्यात जात नाही. पूर्ण पिंपात जातं आहे.

"डॉक्टरबाईंना विचारलं," मावशी सांगतात. "म्हनल्या, थंडीभर कोमट चालंल समद्यांना. माजे हात पाहिले त्यांनी."

साडेसहाला आई तिसऱ्या बाकावर आडवी होते. मावशी पट्टी बसवतात. पांघरूण घालतात. कपाळावर हात ठेवतात.

"काल रात्री लावलंस का गं?" डोळ्यांवर पट्टी असताना आई विचारते.

"मी न्हाई लावलं आजी," मावशी हळू आवाजात म्हणतात. वीस मिनिटांची शांतता सुरू व्हायची आहे. "सुनेला म्हनलं, भांडी ऱ्हाऊ दे. आज मी पडते, तू लाव."